नव्या कंदाची ओटी

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या की केनवडात माझा भाव वधारतो. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि सोळाच्या सोळा एका जागी मिळायच्या तर त्या आमच्याच मळ्यात. मग दिवस उगवायच्या आत बाया टोपल्या घेऊन बांधावर उभ्या. "मामी, पडवळ ठेवजा बरं माह्यासाठी." "मामी, आंबाडीची जुडी इसरू नोका." एरवी मला पाहून दुसऱ्या गल्लीनं जाणाऱ्यासुद्धा या दिवसांत गोड बोलतात. मी सगळ्यांना देते. दोडकी, गवार, चवळीच्या शेंगा, काकडी, कारलं, भोपळ्याची फोड. त्यांच्या टोपलीत माझ्या हातची भाजी चालते. त्यांच्या लेकीसुनांच्या ओटीत माझ्या हातचे तांदूळ चालत नाहीत.

ही कुरकुर आहे का? आहे थोडी. का नसावी? माझी दोन लेकरं गेली, एक जन्मतानाच आणि एक तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून ओटीचा पाट मांडला की मला बोलावणं तेवढं राहून जातं. तोंडावर कोणी काही बोलत नाही. 'अवं, गडबडीत इसरलंच पाहा,' असं दुसऱ्या दिवशी सांगतात आणि वर चार गवारीच्या शेंगा जास्त मागून नेतात.

यंदा मात्र शेजारच्या कौतिकाबाईची शांता आली. धनजला दिलेली पोरगी, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. लहानपणी माझ्याच ओसरीवर बसून ती अक्षरं गिरवायला शिकली. दोडक्याच्या मांडवाखाली येऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "मामी, माही ओटी तुमीच भरा. बाकीच्या चौघी कोनीबी असू द्या."

मागं तिची आई टोपली घेऊन उभी होती. कौतिकाबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती भोपळ्याकडं पाहत राहिली, जसा काही तो आज पहिल्यांदाच पाहिला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोटच्या पोरीचा प्रश्न होता.

"परवा या दोघी," मी म्हटलं. "पयले मले काही सांगाचं आहे. मंग ठरवा."

त्या गेल्यावर मी मांडवाखालीच बसले. हाताला माती लागली होती, ओली आणि काळी, बोटांच्या पेरांत अडकून बसणारी. भाद्रपदातली माती मला कधीच एकटी आठवत नाही. तिच्यामागून दुसरी एक माती येते, तांबडी, आणि तिच्यामागून एका बाईचा चेहरा.

केनवडात कोणाला माहीत नाही की मी एक ओटी भरलेली आहे. एकच. ती इथं नव्हे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, गोल्ड कोस्ट म्हणतात त्या मुलुखातल्या एका लहानशा गावात. तेव्हाही भाद्रपदच होता.

आम्ही माळी माणसं तिथं कशी गेलो, हे नव्या माणसाला नेहमी सांगावं लागतं. माझे यजमान शिरपूरचे. जैनांच्या देवळापाशी यांच्या घरचं फुलांचं नि भाजीचं दुकान. मुंबईचे कापडवाले एक शेटजी दर्शनाला आले, यांचं गोड बोलणं त्यांना आवडलं, आणि 'आफ्रिकेत आमच्या भागीदाराचं दुकान आहे, येतोस का?' असं त्यांनी विचारलं. हे हो म्हणून मोकळे. सासूबाई मला पाठवायला तयार नव्हत्या. पण त्याच सुमाराला माझं दुसरं लेकरू गेलं आणि वैद्यबुवा म्हणाले, पाणी बदलून पाहा. वैद्यबुवांच्या मनात वाशीमचं पाणी असावं. मी पाणी बदलायला समुद्र ओलांडला, म्हणून घरातले मला अजून चिडवतात. लढाई पेटायच्या आधीची ही गोष्ट. आता लढाई संपली आणि इंग्रजही गेला, पण चिडवणं काही संपलेलं नाही.

तिथं बोटीला लागायला धक्का नव्हता. माणसांना लाकडी खोक्यात बसवत आणि दोरानं खाली होडीत सोडत. खाली लाटा, वर आभाळ, खोकं गरागरा फिरतंय आणि समोर बसलेले हे मला म्हणतात, "भेऊ नोको, आडातल्या मोटीत बसली असं समज." मी तोवर मोटीत बसलेली नव्हते. मोटीत बसलेलं कोणी मी पाहिलेलंही नव्हतं. पण त्या बोलण्यावर मला इतका राग आला की भीती निघून गेली. हे तेवढ्यासाठीच तसं बोलले असतील, हे मला फार उशिरा कळलं.

किनाऱ्यावरच्या दुकानात दीड वर्ष गेलं. हे पुढं कापड फाडत, मी मागच्या खोलीत. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की हे मला वाचायला शिकवत. दुकानात क्वेसी नावाचा तिथलाच एक मदतनीस होता. यांच्या वयाचा, उंच, हळू बोलणारा. यांनी त्याची बोली उचलली आणि त्याला आमच्या दोन-चार शिव्या शिकवल्या. एकदा तो म्हणाला, आमच्या गावी नव्या कंदाचा सण आहे, या दोघं, आमचा मुलूख पाहा. शेटजींच्या भागीदारानं आठ दिवसांची सुटी दिली. आम्ही निघालो. मला वाटलं, जत्रेला चाललोय.

मागं लाकडी टप बसवलेली मोटार, तांबडा रस्ता, दोन्ही बाजूंना इतकं घनदाट रान की दुपारी बारालाही संध्याकाळ वाटावी. कोकोची झाडं मी तेव्हा पाहिली. फळं बुंध्यालाच चिकटलेली, फणसागत. आणि ते गाव लागलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती ही की गाव गप्प होतं. सण तोंडावर आणि ढोल नाही, गाणं नाही. फक्त एका अंगणातून उखळात काही कुटल्याचा आवाज. क्वेसीनं सांगितलं, सणाआधी सहा आठवडे गावात ढोल वाजवायचा नाही, कोणी मेलं तरी मोठ्यानं रडायचं नाही. सगळं सणानंतर. मला ते ऐकून कसंतरी झालं. रडणं साठवून ठेवायचं, ही गोष्ट मला नवी नव्हती, पण आख्खं गाव ते करतं हे नवीन होतं.

घर क्वेसीच्या आईचं. तिथं घर आईकडून लेकीकडं जातं, लेकरंही आईच्याच कुळाची. तिला सगळे नाना म्हणत. तिथं मानाच्या म्हाताऱ्या माणसाला, मग बाई असो की पुरुष, नानाच म्हणतात. आमच्या सासऱ्यांनाही सगळे नाना म्हणायचे, त्यामुळं तिला हाक मारायची म्हटली की माझा पदर आपोआप डोक्यावर जाई. ती हाडकुळी होती आणि तिचं माझ्यावर सारखं लक्ष असे. तिची धाकटी लेक अजुवा. तिचा नवरा बंदरावर कामाला, आणि ती आठव्या महिन्याचं पोट घेऊन आईच्या घरी आलेली.

अजुवा मला पहिल्या घटकेपासून आवडली. जेवताना मी त्यांचा कुटलेला गोळा चावून खाल्ला तर ती पोट धरून हसली. तो चावायचा नसतो, गिळायचा असतो. तिनं मला गिळून दाखवलं, मी ठसकले, ती पुन्हा हसली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून काही अडत नव्हतं. तिनं तिच्या पोटावर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडं दाखवून विचारलं. मी मान हलवली. नाही. तिनं पुढं काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. त्या सबंध मुलुखात माझी दोन लेकरं गेल्याचं कोणालाही माहीत नव्हतं. मला हे किती हलकं वाटत होतं, ते आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वेसी आम्हाला शेतात घेऊन गेला. मातीचे ढीग केलेले, एकेका ढिगात एकेक वेल, वेलाला काठी. खाली कंद. आमच्या रताळ्यासारखाच, पण मांडीएवढा. क्वेसी यांना काही बोलला आणि यांनी मला सांगितलं, "नवा कंद सनाआधी इथं चालत नाही बरं."

"ठावं आहे मले," मी म्हटलं. "आमच्या घरचंच आहे हे."

आणि खरंच आमच्या घरचंच होतं. माझ्या माहेरी नव्या वेलाचं फळ महालक्ष्म्यांआधी कोणाच्या तोंडी जात नसे. पहिलं दोडकं, पहिली काकडी देवीला. भावानं एकदा काकडी चोरून खाल्ली तर आईनं त्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. पण त्याला एक सूट होती. वेलाचं पहिलं फळ गरभार बाईच्या ओटीत घालता येई, देवीच्याही आधी. आई म्हणायची, तिच्या पोटी बसून देवीच खाते, देवीला वाट पाहायला लावायची नाही. आणि ओटीसाठी फळ घेताना मळ्याच्या मालकाला विचारायचंही नाही, कारण विचारलं की त्याच्यावर नाही म्हणायची पाळी येऊ शकते.

हे दोघं बोलत पुढं गेले. कडेच्या एका वेलाचं पान पिवळं पडलं होतं. माळ्याच्या पोरीला पिवळं पान दिसलं की तिचा हात थांबत नाही. मी बसले, बोटांनी माती उकरली. तांबडी माती, भुसभुशीत, आतून गार. बाजूला एक छोटा कंद लागला, मुठीएवढा. तो तोडला तेव्हा पांढरा चीक बोटांना लागला आणि खाज सुटली. मी तो ओच्यात घातला. त्या वेळी माझ्या मनात जे होतं ते स्पष्टच लिहिते. मला ओटी भरायची होती. एकदा तरी. जिथं मला कोणी अडवणार नाही अशा ठिकाणी.

दुपारी अजुवा अंगणात एकटीच होती. मी माझ्या ट्रंकेतून हिरवा खण काढला. माझ्या दुसऱ्या गरभारपणात आईनं दिलेला, कधी न शिवलेला. तांदूळ तिथं मिळत. हळदकुंकू मी नेलेलं होतं. तिला पाटासारख्या बसक्या स्टुलावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, तिच्या कमरेच्या कापडाचा सोगा तिच्या हातात दिला आणि 'धर' म्हणून खूण केली. तिला गंमत वाटत होती. मी पाच मुठी तांदूळ घातले, खण घातला, आणि शेवटी तो कंद.

तिचं हसू एकदम थांबलं.

तिनं कंदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग घराच्या दाराकडं. झटकन सोग्यानं सगळं झाकलं. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दुसऱ्या हाताचं बोट तिनं ओठांवर ठेवलं. मग ती हसली, पण आता ते हसू माझ्यासाठी होतं, तिचं स्वतःचं नव्हतं. ओटी पोटाशी धरून ती आत गेली. मी अंगणात उभी, हातात रिकामी ताटली. मला वाटलं, लाजली.

संध्याकाळी मी यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. यांचा चेहरा उतरला.

"कंद? गावात आनला? तिच्या मांडीत घातला?"

"ओटीत."

"अवं, काय केलं तू? क्वेसीनं दोनदा सांगतलं होतं, सनाआधी गावाच्या शिवेच्या आत आनाचासुद्धा नाही. आनला तर गावावर येते, आन् सगळ्यात पयले गरभार बाईवर."

"मंग मले हे पुरं काहून नाही सांगतलं?"

"तूच म्हनली, ठावं आहे म्हनून!"

परक्या गोष्टीला माणूस बिचकून हात लावतो. ओळखीची वाटली की सरळ हात घालतो. मला त्यांची रीत अजिबात माहीत नसती तर मी चार वेळा विचारलं असतं.

हे म्हणाले, आत्ताच क्वेसीला सांगू. मी म्हटलं, तिनंच सांगू नको म्हणून खूण केलीय. हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं. मला भीती वाटत होती की आता इथंही कळेल. इथंही बाया माझ्या हाताकडं पाहतील. "सकाळी सांगू," मी म्हटलं. यांनी माझं ऐकलं. आमच्या संसारात यांनी माझं ऐकायला नको होतं असे जे दोन-तीन प्रसंग आहेत, त्यातला हा पहिला.

सकाळ झाली ती अजुवाच्या कळांनी. महिनाभर आधीच. आत चार म्हाताऱ्या, दाराशी नाना, अंगणात क्वेसी खाली मान घालून. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, अंगणभर पसरलं. आतून आवाज येत नव्हता. ती ओरडतही नव्हती. गावानं गप्प राहायचं म्हणून ती गप्प होती की दुसऱ्या कशासाठी, मला कळेना. आमच्या शेजारी कोंबड्या माती उकरत होत्या आणि मला त्यांच्या पायांकडं बघवत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा म्हाताऱ्या आत काही विचारू लागल्या. एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा, चढ्या आवाजात. नानाचा आवाज सगळ्यात कठोर. मी यांना विचारलं, काय म्हणतात? हे सांगेनात. मी यांचा दंड धरला.

"कळा अडल्या की इथं असं मानतात, बाईनं काही लपवलं आहे," हे म्हणाले. "तिले इचारून राह्यल्या, लेकरू कोनाचं आहे. खरं सांग म्हनतात, त्याबिगर सुटका नाही."

"आन् ते काय म्हनते?"

"काहीच नाही. तोंड उघडून नाही राह्यली."

मला सगळं एकदम समजलं. लपवलेलं तिच्यापाशी एकच होतं, आणि ते माझं होतं. तिच्या आईनं तिच्यावर नको तो संशय घेतला, तरी ती पाहुणीचं नाव सांगत नव्हती. मी कालपासून माझ्या हाताची अब्रू सांभाळत बसले होते आणि ही आपली अब्रू माझ्यावरून ओवाळून टाकत होती.

मी उठले. हे म्हणाले, "थांब, म्या जातो." मी थांबले नाही. दारात नानासमोर जाऊन बसले, जमिनीवर, आणि आमच्याच बोलीत बोलत सुटले. म्या केलं, तिनं नाही, म्या आनला, म्या घातला. नानाला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. हे मागून धावत आले आणि त्यांच्या बोलीत काही सांगू लागले. यांचा हात यांच्याच छातीवर होता. मला वाचवायला हे सगळं स्वतःवर घेत होते. मी यांचा हात धरून खाली केला आणि माझ्या छातीवर थाप मारली. मग आत गेले. अजुवानं डोळ्यांनीच बाजेखालचं मडकं दाखवलं, त्यात तिनं तांदळासकट सगळं ठेवलं होतं. मी कंद काढून नानाच्या पुढ्यात ठेवला.

म्हाताऱ्या मागं सरकल्या. एकीनं तोंडावर हात घेतला. नानानं कंदाला हात लावला नाही. ती माझ्याकडं पाहत राहिली. मग तिनं विचारलं ते यांनी मला सांगितलं. यांच्या तोंडून ऐकल्यामुळं असेल, नाना माझ्या आठवणीत कायम आमच्या बोलीतच बोलते.

"गरभार पोरीलेच काहून देला?"

यांनी देवीचं सांगितलं. तिच्या पोटी बसून देवी खाते, तिला वाट पाहायला लावायची नाही. नाना कंदावरून नजर काढून माझ्याकडं वळली. आतून अजुवाचा पहिला आवाज आला, लांब, दाताखाली दाबलेला.

"तुले लेकरं किती?"

यांनी मान खाली घातली. मी बोटं वर केली. दोन. मग दोन्ही बोटं मिटली.

नानाच्या चेहऱ्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण ती माझ्याकडं मघापेक्षा वेगळ्या नजरेनं पाहू लागली, असं मला वाटलं. तिनं एक कोंबडीचं अंडं मागवलं, आणि काठी टेकत पुढं निघाली. मी कंद घेऊन मागं, माझ्यामागं हे. शिवेपाशी तिनं बोट दाखवलं. मी बोटांनी खड्डा केला आणि कंद परत मातीत ठेवला. तिनं त्यावर अंडं फोडलं, पाणी ओतलं, आणि जे बोलली ते यांनी मला दबक्या आवाजात सांगितलं, "आमच्या देवाले म्या सांगतो. तुह्या देवीले तू सांग. दोघीबी सांगू."

मी माझ्या देवीला काय सांगितलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही.

परतलो तेव्हा आतले प्रश्न थांबले होते. लेकरू दुसऱ्या दिवशी उजाडताना आलं. मुलगी. एवढीशी, पण रडली. मला आत बोलावलं. अजुवाचे ओठ चावून फाटले होते. तिनं लेकराला माझ्या हिरव्या खणावर ठेवलं होतं. क्वेसीनं सांगितलं, आठ दिवस हे लेकरू पाहुणं असतं. आठव्या दिवशी राहायला आलंय असं ठरलं की नाव ठेवायचं, तोवर नाव नाही.

त्यानंतरच्या दिवशी सण झाला. सहा आठवड्यांची बंदी सुटली आणि ढोल असे वाजले की पायाखालची जमीन हलली. गावच्या राजाला छत्रीखाली मिरवत नेलं, नवा कंद उकडून कुस्करून आधी पूर्वजांना दिला, मग सगळ्यांना. माझ्याही हातावर ठेवला. मी खाल्ला. गोड होता. सगळं गाव नाचत होतं आणि मी एकेक दिवस मोजत होते. दुसरा. तिसरा. माझं लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं होतं. तिसरा दिवस पार पडला तशी मला भूक लागली. पण सुटी संपली होती. आम्ही मोटारीत बसलो तेव्हा अजुवा दारात उभी होती आणि तिच्या काखेत हिरवं काहीतरी दिसत होतं.

क्वेसी मागं राहिला. तो दोन आठवड्यांनी दुकानावर आला. मी मागच्या खोलीच्या दारात उभी. त्याचे कपडे नेहमीचेच होते. अजुवा बरी आहे, तो म्हणाला. नानानं नमस्कार सांगितलाय. आणि थांबला. मी लेकराचं नाव विचारलं नाही. यांनीही विचारलं नाही. आठव्या दिवसाआधी गेलेल्या लेकराचं तिकडं सुतक पाळत नाहीत, रडत नाहीत. पाहुणं होतं, परत गेलं, एवढंच म्हणतात. ती रीत मला नंतर कळली. पण लेकरू गेलं हे त्याच्या थांबण्यातच कळलं होतं.

मग त्यानं पिशवीतून एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. माझा हिरवा खण. धुतलेला, नीट घडी घातलेला, चार टोकांची गाठ मारलेला. भरलेली ओटी कोणी परत करत नाही. मला वाटलं, तिनं माझं अशुभ मला परत पाठवलं. योग्यच केलं.

"उघडा," क्वेसी यांना म्हणाला. "तिनं सांगतलं, उघडूनच द्या."

गाठ मी सोडली. आत तांदूळ होते. मोजायची गरज नव्हती, पाच मुठींचे होते. आणि त्यावर एक कंद. सणानंतरचा, खायला मोकळा झालेला.

तिला आमच्या बोलीतला एकही शब्द येत नव्हता. पण मी काय केलं होतं ते तिला पुरतं समजलं होतं. आपलं लेकरू गेल्यावर तिनं माझी ओटी भरली होती.

मी त्या दिवशी रडले. माझ्या दोघांसाठी इतकी वर्षं राहून गेलेलं आणि तिच्या एकीसाठीचं, सगळं मिळून. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी यांनी मला आवरलं नाही. तो कंद आम्ही दोघांनी उकडून खाल्ला. पुढं लढाई आली, आम्ही परतलो, केनवडात हा मळा केला, क्वेसीची खबर तुटली. मला पुन्हा मूल झालं नाही. कंद खाऊन होईल असं मला वाटलंही नव्हतं. माझ्या हातानं ते लेकरू गेलं का? महिनाभर आधी आलेली लेकरं जातात, हे मला ठाऊक आहे. माझी गेली तेव्हा तर माझी ओटी गावातल्या सगळ्यात शुभ समजल्या जाणाऱ्या बाईनं भरली होती. हे सगळं मी स्वतःला हजारदा समजावलं आहे. दोडक्याला फूल आलं की पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतं.

एक गोष्ट मात्र त्या गावात मी पक्की शिकले. अजुवाच्या ओटीत मी जे घातलं ते तिला न सांगता घातलं. आता कोणाला काही द्यायचं तर आधी सांगून.

म्हणून आज शांता आणि कौतिकाबाई आल्या तेव्हा मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खोकं सांगितलं तेव्हा शांता हसली. कंद ओच्यात घातला म्हटल्यावर कौतिकाबाईचा हात लेकीच्या पाठीवर गेला, तो शेवटपर्यंत तिथंच होता. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "आता पाहा. राग मानाची गोष्ट नाही. नाही म्हटलं तरी भाजी तेवढीच देईन."

ओसरीवर भाजीच्या सोळा जुड्या बांधून ठेवलेल्या होत्या. यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत गेले.

"तो खण कुठी आहे?" शांतानं विचारलं.

मी ट्रंक उघडली. तिच्यासाठी नवा जांभळा खण आणून ठेवला होता तो काढला, आणि खालून तो हिरवाही. दोन्ही पुढं ठेवले. हिरवा मी फक्त दाखवायला काढला होता.

शांतानं आईकडं पाहिलं. कौतिकाबाईनं हिरव्या खणाची एक घडी उलगडली, अंगठ्यानं काठ चाचपला, पुन्हा तशीच घडी घातली. मला वाटलं, आता उठेल. ती उठलीच. कोपऱ्यातला पाट घेतला, पदरानं पुसला आणि ओसरीच्या मधोमध मांडला.

"बस माय," ती लेकीला म्हणाली. मग माझ्याकडं न पाहता, "त्या मायमाउलीनं तुमची भरली नं? मंग आता ते अडवून कायले ठेवता? हिरवाच घाला."

मी मांडवाखाली जाऊन कडेच्या नव्या वेलावरचं पहिलं दोडकं तोडलं, हात धुतले आणि तांदळाची मूठ भरली. मूठ इतकी भरली होती की तांदूळ बोटांतून खाली सांडत होते. शांतानं पदर जरा पुढं केला.